रुमालाखालचा भाव

थावराकाकांनी त्या वेळी माझे पैसे घेतले असते, तर मी त्यांना एव्हाना विसरलो असतो. हे लिहिताना मला लाज वाटते, पण खरं आहे. देणं फिटलं की आपण माणसालाही मोकळं करतो. त्यांनी ते फिटू दिलं नाही. म्हणून आज इतक्या दिवसांनंतरही महागावच्या बाजार समितीच्या फाटकातून पांढरी पिकअप आत आली, की मी हातातला पेन खाली ठेवतो आणि उगाच उठून उभा राहतो.

मी बाजार समितीत कारकून आहे. बैलबाजाराच्या दिवशी टिनाच्या शेडखाली टेबल टाकून पावत्या फाडायच्या, हे माझं काम. कोणी विकला, कोणी घेतला, बैलाचा रंग, शिंगं, वय आणि किंमत. थावरा जाधव त्या बाजारात दलाली करायचे. महागावच्या अलीकडे डोंगराच्या कडेला त्यांचा बंजारा तांडा. उंच, वाळलेला देह, कानात चांदीची बाळी, अंगात दोन खिशांचा मळकट सदरा आणि खांद्यावर लाल चौकड्यांचा मोठा रुमाल. हा रुमाल घाम पुसायला नव्हता. घाम ते सदऱ्याच्या बाहीनं पुसत.

बैलाचा भाव आमच्याकडे तोंडानं होत नाही, निदान जुन्या माणसांत होत नसे. दलाल रुमाल पसरतो, त्याखाली घेणाऱ्याचा हात हातात घेतो. घेणारा दलालाची जितकी बोटं दाबेल तितका त्याचा भाव. हजार की दहा हजार, हे दोघांनी मनात धरलेलं असतं. मग दलाल तोच हात घेऊन विकणाऱ्याकडे जातो. बाजूला शंभर माणसं उभी असली तरी कोणाला काही कळत नाही. सौदा फिसकटला तर बैलाची किंमत उतरत नाही आणि माणसाची अब्रू जात नाही. सौदा जमला, तर घेणारा स्वतः माझ्या टेबलापाशी येऊन आकडा सांगतो. दलाल सांगत नाही. थावराकाकांनी इतक्या वर्षांत मला एकदाही, एकाही बैलाचा आकडा सांगितला नाही. मी कधी गमतीनं विचारलं तर म्हणत, "ज्याचा पैसा जाते, त्याचं तोंड आहे ना. त्याले विचार."

ही सवय त्यांच्या इतकी अंगात मुरली होती, की ते कशाचाच आकडा बोलत नसत. भाजीबाजारात वांगी घेतानाही ते बोटं दाखवत. तिथल्या बायका त्यांना छळत. "थावराबा, वांग्याले बी रुमाल टाकता का?" ते म्हणत, "टाकला असता, पन तुह्या वांग्यात कीड आहे, ते रुमालात येईन." वय विचारलं तर हवेत हात झटकत. नातू कितवीत आहे म्हटलं तर "शाळेत आहे" म्हणत.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांना स्थिर उभं राहता येत नसे. बसणं तर दूरच. ते सगळ्या वस्तूंना फेरी घालत. बैलाला घालत हे समजण्यासारखं, पण ट्रॅक्टरला, नव्या हँडपंपाला, माझ्या टेबलालाही. पावती लिहीत असताना ते माझ्या पाठीमागून जात, मग डावीकडून पुढे येत, आणि माझं अक्षर बिघडे.

"बसा ना काका."

"बसलो तर तू चहा सांगशीन, मंग गोष्टी निघतीन. तिकडं माहा गोऱ्हा उन्हात उभा आहे."

ते फार मोठे पारखी होते, असं मी म्हणणार नाही. चुकत. एकदा मारेगावकडचा एक शेतकरी एका पांढऱ्या बैलावर भाळला होता. काकांनी फेरी घातली आणि म्हणाले, "बाजारात चांगला उभा राह्यते, पन वावरात बसन. नको घेऊ." त्याला परत पाठवलं, स्वतःची दलाली घालवली. तो बैल दुसऱ्यानं घेतला, जवळच्याच गावी, आणि तो वर्षानुवर्षं न बसता चालला. काका दर पोळ्याला तिथं जात. सजवलेल्या त्या बैलापुढे उभे राहून दोन्ही हात जोडत आणि मोठ्यानं म्हणत, "चुकलो रे बापा." पहिल्या वर्षी लोक हसले. नंतर ते घर पुरणपोळीचं ताट वाढून त्यांची वाट पाहू लागलं.

बैलबाजार हळूहळू रोडावला. ट्रॅक्टर आले. काकांनी आपली शेवटची जोडी विकली, काही पैसे कर्जाऊ घेतले आणि मुलगा विजय याला एक मालवाहू पिकअप घेऊन दिली. त्यामागे एकच हेतू होता. त्यांच्या तांड्यातून दसऱ्यानंतर मुकादम जोडपी घेऊन जातो, ऊस तोडायला, पार पश्चिमेकडे. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. विजय आणि त्याची बायको सुनीता लग्नापासून दरवर्षी कोयत्यावर जात होती. नातवंडं पाचटाच्या खोपीत मोठी होत होती आणि शाळा अर्ध्यात सुटत होती. गाडी आली तर तांड्यातला कापूस, सोयाबीन बाजारात नेता येईल आणि कोणी जाणार नाही, असं काकांचं साधं गणित.

पण विजयला गाडी येईना. पहिल्याच आठवड्यात त्यानं ती सेवालाल महाराजांच्या ओट्यावर घातली. "विजय बसला का गाडी रुसते," काका सांगत. सुनीता बाजूला बसून पाहत होती. एक दिवस तिनं किल्ली मागितली. मग ती चालवू लागली आणि विजय पोती चढवू लागला. तांड्यात चर्चा झाली. कोणी म्हणालं, "सुनेले गाडी देल्ली अन् पोरगा हमाल झाला." काका म्हणाले, "तुह्या घरची दोघंबी हमाल आहेत. माह्या घरचा एकच आहे." त्या वर्षीपासून त्यांच्या घरातलं कोणी ऊसतोडीला गेलं नाही.

आणि ती गाडी माझ्यामुळे गेली.

मुलीच्या लग्नाला लोखंडी कपाट द्यायचं होतं. यवतमाळला, लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत ती थेट कारखान्यातून स्वस्त मिळतात, असं कोणीतरी सांगितलं. महागावातही कपाटं मिळत होती. मला थोडे पैसे वाचवायचे होते. मी काकांना गाडी मागितली. ते म्हणाले, "घेऊन जा. सुनीता येईन." भाडं विचारलं, तर नेहमीप्रमाणे हवेत हात झटकला.

परत येताना आर्णीच्या पुढे, भर दुपारी, तुरीच्या वावरातून एक रोही, म्हणजे नीलगाय, उसळून रस्त्यावर आली. सुनीतानं गाडी एकदम बाजूला वळवली. रोही वाचली. गाडी भरावावरून खाली गेली, बाभळीवर आदळली आणि उलटली. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. सुनीताच्या खांद्याचं हाड मोडलं. कपाटाला एक पोचा पडला.

काका आणि विजय कोणाच्या तरी मोटरसायकलवर आले. काका आधी सुनीताकडे गेले. तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यांच्या बोलीत काही विचारलं. तिनं मान हलवली. मग ते माझ्याकडे वळले. मी रडत होतो. मोठा माणूस रस्त्याच्या कडेला हुंदके देत उभा असेल तर कसा दिसत असेल, कोण जाणे.

"काका, माझ्यामुळं झालं. मी गाडी मागितली नसती तर..."

"ते रोही तुह्या घरची होती काय?"

"नाही, पण कपाट..."

"मंग गप्प राह्य. पानी पे."

मग त्यांनी त्या उलट्या गाडीला फेरी घातली. एक नाही, अनेक. चाकाला हात लावला, ते फिरत होतं, ते थांबवलं. शेवटी माझं कपाट त्यांनी आणि विजयनं उचलून सरळ उभं केलं आणि काकांनी सदऱ्याच्या बाहीनं त्यावरची धूळ पुसली. ते मला गाडीपेक्षा जास्त लागलं.

मोडकी गाडी ओढून तांड्यात नेली आणि काकांच्या दारात लिंबाखाली ठेवली. मी आठवडाभर घरात फिरत राहिलो. जेवायला बसलो की उठे. शेवटी पतपेढीतून पैसे काढले आणि तांड्यावर गेलो. काकांसमोर पुडकं धरलं. ते त्याच्याकडे न पाहता गाडीभोवती फिरत राहिले. मीही पुडकं धरून त्यांच्या मागे फिरत राहिलो. सुनीता गळ्यात हात अडकवून ओसरीवर बसली होती. ती म्हणाली, "भाऊ, दोघंही फिरून राह्यले. चक्कर येईन कोनाले."

काका थांबले. म्हणाले, "हे पैसे देऊन तू मोकळा होशीन."

"हो काका."

"मले नाही करायचं तुले मोकळं. गाडीचा विमा आहे. कागद मले येत नाही, विजयले येत नाही. तू माह्यासंग चाल. जोवर त्या कंपनीचं होत नाही तोवर चाल. हे पुडकं पोरीच्या लग्नात लाव."

अशी माझी नेमणूक झाली.

कंपनीचा पाहणी करणारा माणूस आला. तरुण होता, नीट वागला, भरपूर फोटो काढले. गाडी दुरुस्तीच्या पलीकडे गेली, हे त्यानं लगेच मान्य केलं. मला हायसं वाटलं. पॉलिसीवर गाडीची किंमत लिहिलेली होती, ती मिळाली की झालं. पण काही दिवसांनी माझ्या फोनवर निरोप आला, तेव्हा समजलं की तसं नसतं. पॉलिसीतल्या किमतीतून मोडक्या गाडीची भंगाराची किंमत वजा करायची, उरलेले पैसे मालकाला द्यायचे आणि भंगार मालकाच्याच दारात ठेवायचं. त्या भंगाराची किंमत इंटरनेटवर बोली लावून ठरली होती. नागपूरच्या कोण्या व्यापाऱ्यानं फोटो पाहून बोली लावली होती, आणि ती इतकी मोठी होती की उरलेल्या पैशात चालती गाडी मिळाली नसती.

मी आकडा वाचून दाखवू लागलो. काकांनी हात वर केला. "बोलू नको. बोटं दाव." मी बोटं दाखवली. त्यांनी लिंबाखालच्या त्या चेंबलेल्या पत्र्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे.

"हे कोनं पाह्यलं येऊन?"

"कोणीच नाही. फोटो पाहिला."

"फोटोले दात मोजता येतात काय?"

मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावायला लागलो. रोज. कधी जेवणाच्या सुट्टीत, कधी पावत्या फाडता फाडता. प्रत्येक वेळी नवा आवाज, प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगायचं. एकदा काका टेबलाला फेऱ्या घालत होते. त्यांनी फोन ओढून घेतला.

"बाई, कुठून बोलून राह्यली?"

"सर, मी आपली काय मदत करू शकते?"

"जेवली का?"

मग ती मुलगी हळूच म्हणाली, "हो, जेवले सर."

"मंग निवांत सांग. माही गाडी इतकी भारी आहे म्हन्ते तुही कंपनी. मंग तुमीच घेऊन जा न. मले पुरे पैसे द्या, गाडी तुमाले."

तिनं ते लिहून घेतलं असावं. कारण पुढच्या वेळी कंपनीकडून वेगळं उत्तर आलं: बोली लावणारा व्यापारी गाडी उचलायला तयार आहे, त्याच्याशी बोला, तो तुम्हाला पैसे देईल, म्हणजे तुमचं नुकसान होणार नाही.

व्यापारी आला. बबलूशेठ म्हणत त्याला. पान खाल्लेला, हसरा माणूस. गाडी पाहून त्यानं शीळ घातली. वाकून खाली पाहिलं. इंजिनला तडा होता, चासी पिळली होती. "काका, ये तो पूरा गया," तो म्हणाला. "फोटो में तो अच्छा दिख रहा था."

काकांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि पसरला.

मला वाटलं, आता हा माणूस हसेल. तो हसलाच, पण हसता हसता त्यानं बाही वर सारली. "अरे, नाना के साथ बैलबाजार जाता था मैं," म्हणाला आणि हात रुमालाखाली घातला.

मी बाजूलाच उभा होतो. लाल चौकड्या थोड्या थोड्या हलत होत्या. दोघांचे चेहरे कोरे. काकांनी मान हलवली, रुमाल पुन्हा हलला. बबलूशेठ दुसरीकडे पाहत होता, लिंबावर बसलेल्या कावळ्याकडे. मग काकांनी हात काढला, रुमाल झटकला आणि खांद्यावर टाकला. सौदा झाला नव्हता. बबलूशेठ म्हणाला, "सोचके बताता हूँ," आणि जीप वळवून निघून गेला.

मी अक्षरशः काकांच्या अंगावर धावलो. "काय म्हणाला?"

"म्हनला ते म्हनला."

"काका, भाव सांगा. खरा भाव. कंपनीला तोच तर सांगायचा आहे! बोलीपेक्षा कमी म्हणाला ना?"

"तो त्याले विचार."

"तो फोन उचलणार नाही आता! तुम्ही सांगितलं की काम झालं."

"बाबू," ते म्हणाले, "तू इतक्या सालापासून बाजारात बसते. मी कधी सांगतला काय?"

"हा बैल नाही काका, भंगार आहे!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही घाण बोललो. आणि गाडीभोवती फिरायला लागले.

मी त्या दिवशी घरी परतताना रस्ताभर त्यांच्याशी मनात भांडत आलो. त्यांच्या दलालीच्या रीतीपायी सुनीता कोयत्यावर जाणार होती, नातवंडं खोपीत राहणार होती. दसरा जवळ आला होता. मुकादम फिरायला लागला होता. मला राग येत होता आणि रागावण्याचा आपल्याला हक्क नाही, हेही कळत होतं.

शेवटी यवतमाळला कंपनीच्या कार्यालयात साहेबांची भेट मिळाली. आम्ही तिघं गेलो: काका, सुनीता आणि मी. छोटं कार्यालय, भिंतीला लागून खुर्च्या. साहेब माझ्याच वयाचे, थकलेले. त्यांच्या टेबलाला फेरी घालता येत नव्हती, भिंतीला चिकटलेलं होतं. काका टेबलापुढे डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे करत राहिले.

"बसा हो बाबा."

"तुमी बसा. मी ठीक आहे."

साहेबांनी संगणकात पाहिलं. "बोली तर आहे. व्यापारी येऊन गेला ना?"

"आला होता," मी म्हणालो. "गाडी पाहून त्यानं भाव पाडला."

"किती?"

मी काकांकडे पाहिलं. सुनीतानंही पाहिलं.

"बाबा, किती म्हणाला तो?" साहेबांनी विचारलं. "सांगा, मी नोंद घेतो. दुसरी बोली मागवता येईल."

काका थांबले. इतक्या वेळात पहिल्यांदा थांबले. "साहेब, तो रुमालाखालचा भाव आहे. तो मी सांगत नसतो. त्याले विचारा. त्याचं तोंड आहे."

साहेबांना काही समजेना. मी समजावू लागलो, बैलबाजार, रुमाल, बोटं. बोलता बोलता मला जाणवलं की मला तो आकडा जवळपास माहीत आहे. इतकी वर्षं मी त्या रुमालांशेजारी बसलो होतो. कापड कसं उचललं जातं, हे पाहून अंदाज येतो. "साहेब, मी सांगतो," माझ्या तोंडून निघालं.

काकांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. पोळ्याला त्या पांढऱ्या बैलापुढे उभे असताना ते जसे दिसत, तसे दिसले, जणू माणूस ओळखायला आपणच चुकलो. मी ओठ मिटले. आजही मला कळत नाही, की मी तेव्हा बोलायला हवं होतं की नव्हतं. बोललो असतो तर कदाचित पैसे महिनाभर आधी आले असते. कदाचित माझ्या अंदाजाला कोणी विचारलंही नसतं.

साहेबांनी बबलूशेठला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. त्यानं उचलला.

"गाडी देखी ना? क्या भाव है आपका?"

"वही सर, जो बोली में डाला है," तो सहज म्हणाला. बोली मोडली तर कंपनीच्या यादीतून नाव जातं, हे मला नंतर कळलं.

खोटं होतं. ते काकांना ठाऊक होतं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. त्यांचा जबडा हलला. रुमालाचं टोक त्यांनी मुठीत धरलं होतं.

तेव्हा सुनीता उठली. तिचा एक हात अजून गळ्यातच होता. ती टेबलापर्यंत गेली आणि फोनवर वाकून म्हणाली, "दादा, मंग आज घेऊन जा. त्याच भावात. आमी पोरं लावून रोडवर आनून देतो गाडी. पैसे आना अन् घेऊन जा."

पलीकडे बबलूशेठ खाकरला.

"आज नाही जमणार बाई... ट्रान्सपोर्ट देखना पडेगा..."

"मंग उद्या."

"उद्या... देखता हूँ."

"परवा?"

साहेबांनी फोन बंद केला. डोळ्यांवरून चष्मा काढून पुसला. त्यांना हसू येत होतं, पण त्यांनी ते दाबलं. "समजलं," म्हणाले. "दुसरा माणूस पाठवतो. तो जागेवर जाऊन पाहील."

बाहेर आल्यावर सुनीता सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, तुमी तं मेले असते पन बोलले नसते."

"तू बोलली न," काका म्हणाले. "तुले कोनी हात देल्ला नव्हता."

बसस्टँडवर मी पुन्हा विचारलं, न राहवून. "काका, तो खोटं बोलला तरी तुम्ही गप्प का?"

"त्यानं हात देल्ला न माह्या हातात. तवा काही विचारलं नाही त्यानं, का सांगशीन का म्हनून. मंग मी कसा सांगू?" आणि मग चिडून, "बस पाह्य. पुसदची लागली का महागावची?"

दुसरा माणूस लगेच आला नाही. दसरा झाला. मुकादम तांड्यात आला. मी त्या दिवशी तिथंच होतो, कारण आता मला घरी बसवत नव्हतं. मुकादमानं काकांना विचारलं, "विजय-सुनीताचा कोयता पक्का धरू ना? उचल आनली आहे."

"सून गाडी चालवते माही," काका म्हणाले.

"कुठं आहे गाडी?"

काकांनी लिंबाखाली हात केला. "हे काय उभी आहे."

मुकादम मोठ्यानं हसला. आजूबाजूचे हसले. विजय मान खाली घालून उभा होता. घरात दाणे किती आहेत हे त्याला माहीत होतं. मुकादम म्हणाला, "थावराबा, पोरायले उपाशी मारसान." काका त्याच्याभोवती एक फेरी घालून म्हणाले, "तुले कमी पडत असन कोयते, तं तू अन् तुही बायको जा." तो निघून गेला. त्या आठवड्यात तांड्यातून ट्रक भरून गेले. विजय आणि सुनीता राहिली. हातात उचल नाही, दारात गाडी नाही. मी रोज कंपनीला फोन करत होतो. बायको म्हणायची, तुमचं काही खरं नाही. मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायची राहिली होती.

मग तो माणूस आला. त्यानं गाडी हातानं पाहिली, इंजिनातला तडा पाहिला, आणि भंगाराची किंमत बरीच खाली आणली. सगळी नाही. काकांना जितकं हवं होतं तितकं मिळालं नाही. एक जुनी पिकअप येईल इतकं मिळालं. काकांनी मला निरोप पाठवला: "बाबूले सांगा, झालं." मला वाटलं होतं, त्या दिवशी मला हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सवयीनं पुन्हा कंपनीचा नंबर लावला आणि कोणीतरी "आपली काय मदत करू शकते" म्हटल्यावर ठेवून दिला.

पुढच्या उन्हाळ्यात काका गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी, कापसाच्या हंगामात. बाजार समितीच्या फाटकापाशी गाड्यांची रांग लागली होती, धूळ, हॉर्न, शिव्या. मी वजनकाट्यापाशी उभा होतो. रांगेत मागे ती पिकअप दिसली, जुनी, रंग उडालेली, कापसानं फुगलेली. सुनीता चालवत होती. काका गाडीत नव्हते. रांग सरकली की ते गाडीपुढे रस्त्याच्या मधोमध चालू लागत, सवयीचा बैल मागून येतोच अशा भरवशानं, वळून न पाहता. समोर एक बैलगाडी आडवी आली, तर तिला बाजूला घालून पुन्हा पुढे. सुनीतानं हॉर्न दिला.

"मामाजी, बाजूला व्हा न! लागन एखांद्या दिवशी!"

ते वळले नाहीत. फक्त एक हात वर केला, ये म्हणून, आणि चालत राहिले. ती त्यांच्या पावलांच्या वेगानं, पहिल्या गिअरवर, मागून आली.